सहा मुलांचे पैसे : क्लारा बार्टनबाई यांचे चरित्र

कोठे महापूर आला, भूकंप झाला अथवा दुष्काळ पडला, म्हणजे गावोगाव वर्गणी गोळा होते. मोठी माणसे आपल्या ऐपतीप्रमाणे देतात, त्यांची नावे यादीत लिहिली जातात आणि रकमेची बेरीज होते. अशा वेळी शाळेतील एखादे मूल मुठीत घट्ट धरलेले नाणे आणून आपल्यापुढे करते. आपण ते कौतुकाने घेतो, मुलाच्या पाठीवरून हात फिरवतो आणि नाणे इतर पैशांत टाकून देतो. पुढे त्या नाण्याचे काय झाले हे त्या मुलास कोणी सांगत नाही. एवढ्याशा पैशाने कोणाचे काय होणार, असे आपल्याही मनात कोठेतरी असतेच.

ज्या बाईंचे चरित्र आम्ही आज सांगणार आहो, त्यांनी असा विचार केला नाही. अमेरिकेतील पूर, वणवे, वादळे व दुष्काळ ह्यांत सापडलेल्या हजारो लोकांस त्यांच्या हातून अन्नवस्त्र मिळाले. आगबोटीच भरतील एवढे सामान त्यांनी वाटले. तथापि सहा लहान मुलांनी मिळवलेले ५१ डॉलर २५ सेंट त्यांच्या हाती आले तेव्हा त्यांनी ते ज्या रीतीने सांभाळले, ती रीत आमच्या मंडळ्यांतील उपदेशकांस, शिक्षकांस व पैसे गोळा करणाऱ्या सर्वांस समजावी असे आम्हांस वाटते. ह्या बाईंचे नाव क्लारा बार्टन.

त्यांचा जन्म २५ डिसेंबर १८२१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात नॉर्थ ऑक्सफर्ड ह्या गावी झाला. पाच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या होत्या. बाप शेतकरी असून तरुणपणी सैन्यात होता; तो मुलीस लढायांच्या गोष्टी सांगे. क्लारा स्वभावाने इतकी लाजाळू होती की परक्या माणसापुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. ती ११ वर्षांची असताना तिचा भाऊ डेव्हिड नवीन कोठाराचे लाकूडकाम चालले असता उंचावरून पडला व अंथरुणास खिळला. त्या वेळच्या वैद्यांच्या चालीप्रमाणे त्यास जळवा लावीत असत. क्लारा सुमारे दोन वर्षे भावाच्या उशाशी बसून राहिली. औषध देणे, जळवा लावणे, रात्री जागणे हे सर्व ती करी. भाऊ पुढे बरा झाला. बोलण्यास भिणारी ती मुलगी दुखणाइताची सेवा करताना मात्र भीत नाही, हे घरच्या लोकांस तेव्हा दिसून आले.

१८३९ साली त्यांनी शिक्षिकेचे काम पत्करले व ते बरीच वर्षे केले. १८५२ साली न्यू जर्सी संस्थानात बॉर्डनटाऊन येथे त्या गेल्या असता, फी देण्याचे सामर्थ्य नसलेली पुष्कळ मुले रस्त्यांतून रिकामी हिंडत असलेली त्यांच्या दृष्टीस पडली. गावच्या पुढाऱ्यांचे मन वळवून त्यांनी तेथे मोफत शाळा उघडली. पहिल्या दिवशी फक्त सहा मुले आली. पुढे त्या शाळेत मुलांची संख्या शेकड्यांनी वाढली आणि गावाने मोठी इमारत बांधली. परंतु इमारत झाल्यावर पंचांनी मुख्य जागा एका पुरुषास अधिक पगारावर दिली व बार्टनबाईंस त्याच्या हाताखाली ठेवले. त्यांस हे सहन झाले नाही. त्यांची प्रकृतीही बिघडली, म्हणून त्या ते काम सोडून वॉशिंग्टन शहरी गेल्या व सरकारच्या पेटंट कचेरीत कारकून झाल्या. सहा मुलांच्या ह्या शाळेची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे आणखी सहा मुले ह्या चरित्रात येणार आहेत.

१८६१ साली अमेरिकेत उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांमध्ये यादवी युद्ध सुरू झाले. त्या एप्रिल महिन्यात मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीवर बाल्टिमोर शहरातील जमावाने हल्ला केला आणि जखमी शिपाई वॉशिंग्टन येथे आले. त्यांत बार्टनबाईंच्या गावाकडील माणसे होती. बाईंनी घरातील कापड फाडून पट्ट्या केल्या, खाण्याचे जिन्नस नेले आणि मग गावोगावच्या लोकांस सामान पाठवण्याविषयी विनंती केली. पेट्यांवर पेट्या येऊ लागल्या. ह्या पेट्या कोणाच्या तरी हवाली करून स्वस्थ बसावे, असे त्यांस वाटले नाही. ज्या बायकांनी रात्री जागून पट्ट्या शिवल्या, त्यांच्या पट्ट्या खरोखर जखमेपर्यंत पोहोचल्या पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणून वरिष्ठांच्या मागे लागून त्यांनी रणभूमीवर जाण्याची परवानगी मिळवली.

१७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटम येथे घनघोर लढाई झाली. शस्त्रवैद्यांजवळील पट्ट्या संपल्या होत्या व ते मक्याच्या कणसांची पाने जखमांवर बांधीत होते. अशा वेळी बार्टनबाई सामानाच्या गाड्या घेऊन तेथे पोहोचल्या. एका जखमी शिपायास त्या पाणी पाजीत असता एक गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली व त्या शिपायास लागून तो जागीच मेला. बाईंनी ती बाही पुढे कधी शिवली नाही, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे.

युद्ध १८६५ साली संपले. परंतु हजारो घरी मुलगा, नवरा अथवा भाऊ परत आला नव्हता. तो मेला की जिवंत आहे हेही कोणास ठाऊक नव्हते. बार्टनबाईंनी बेपत्ता शिपायांचा शोध करण्याचे काम अंगावर घेतले. त्यांच्या कचेरीकडे लोकांची असंख्य पत्रे आली. बाई व त्यांचे मदतनीस ह्यांनी हजारो पत्रांस उत्तरे पाठवली आणि २२,००० हून अधिक माणसांचा पत्ता लावला. अँडरसनव्हिल येथील तुरुंगात सुमारे १३,००० कैदी मेले होते. त्यांच्या थडग्यांवर नावे लावण्याच्या कामातही त्यांचा हात होता. मनुष्य मेला असला तरी त्याच्या आईस ते कळले पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. वाट पाहणाऱ्या माणसास उत्तर देणे हे त्या आपले कर्तव्य मानीत. पुढे मुलांच्या पैशाविषयी त्या ज्या रीतीने वागल्या, तिचे मूळ येथे आहे असे आम्ही समजतो.

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे १८६९ साली त्या युरोपात गेल्या. तेथे जिनेव्हा शहरी त्यांस रेडक्रॉस नावाच्या संस्थेची माहिती मिळाली. लढाईतील जखमींची, ते कोणत्याही पक्षाचे असोत, सेवा करण्याकरिता ही संस्था १८६३ साली निघाली होती व पुढील वर्षी पुष्कळ राष्ट्रांनी तसा तहही केला होता. अमेरिकेने मात्र त्या तहावर सही केली नव्हती. मायदेशी परतल्यावर बार्टनबाईंनी त्यासाठी अनेक वर्षे खटपट केली. पुष्कळ लोक म्हणत की आपल्या देशात आता पुन्हा युद्ध होणार नाही, मग अशी संस्था कशास हवी. त्यावर बाई असे दाखवून देत की युद्ध नसले तरी पूर, आग, वादळ व रोग ही आहेतच, आणि त्यांत सापडलेला मनुष्य जखमी शिपायाइतकाच निराधार असतो. अखेरीस २१ मे १८८१ रोजी अमेरिकन रेडक्रॉसची स्थापना झाली, बार्टनबाई तिच्या अध्यक्ष झाल्या आणि मार्च १८८२ मध्ये अमेरिकेने तो तह मान्य केला. संस्था स्थापन झाल्यावर थोड्याच महिन्यांत मिशिगन संस्थानात भयंकर वणवा लागला, आणि तेथील लोकांस मदत पाठवून संस्थेने आपल्या कामास आरंभ केला.

आता आम्ही त्या सहा मुलांकडे वळतो.

१८८४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात ओहायो नदीस फार मोठा पूर आला. सिनसिनाटी शहरापाशी पाणी ७१ फुटांवर चढले. त्यापूर्वी तेथे एवढे पाणी चढल्याची नोंद नव्हती. शेकडो मैलांपर्यंत काठावरील गावे व शेते बुडाली, घरे वाहून गेली, गुरे मेली. पाणी ओसरते न ओसरते तोच वादळांनी उरलीसुरली घरेही पाडली. बार्टनबाई त्या वेळी ६२ वर्षांच्या होत्या. त्यांनी इव्हान्सव्हिल येथे एक आगबोट भाड्याने घेतली, तिच्यावर रेडक्रॉसचे निशाण चढवले आणि कोळसा, कपडे व अन्न भरून त्या नदीतून निघाल्या. पुढे सेंट लुई येथून दुसरी आगबोट घेऊन त्यांनी मिसिसिपी नदीच्या काठच्या लोकांस व त्यांच्या उपाशी गुरांस धान्य व चारा पोहोचवला. आगबोट ठिकठिकाणी थांबे. गावातील विश्वासू माणसांशी विचार करून कोणास काय पाहिजे ते पाहिले जाई व त्याप्रमाणे सामान उतरवून आगबोट पुढे जाई. पाणी उतरल्यावर लोकांस बियाणे व शेतीची अवजारेही दिली, कारण आज पोट भरले तरी पेरणी चुकली तर पुढील वर्षी पुन्हा हात पसरावे लागतील हे बाई जाणून होत्या. ह्या कामी सुमारे चार महिने लागले व नदीतून ८,००० मैलांहून अधिक प्रवास झाला.

नदीपासून फार दूर, पेनसिल्व्हेनिया संस्थानात वॉटरफर्ड नावाचे एक लहान गाव आहे. तेथे सहा मुलांनी पुराची हकीकत ऐकली. त्यांचे स्वतःचे काही बुडाले नव्हते. पूरग्रस्तांपैकी कोणी त्यांच्या ओळखीचेही नव्हते. परंतु आपणही काही करावे असे त्यांच्यापैकी एका मुलाच्या मनात आले व त्याने ते इतरांस बोलून दाखवले. त्यांनी आपसांत विचार करून एक लहानसा खेळ बसवला आणि तो गावकऱ्यांपुढे करून दाखवून पैसे मिळवले. मिळालेली रक्कम ५१ डॉलर २५ सेंट इतकी भरली. ही रक्कम त्यांनी जवळच्या ईरी शहरातील वर्तमानपत्राच्या संपादकाकडे दिली व ती पूरग्रस्तांच्या कामी लावावी अशी विनंती केली. संपादकांनी ती बार्टनबाईंकडे पाठवली.

वाचकहो, त्या समयी बाईंच्या हातून किती मोठे व्यवहार चालले होते हे ध्यानात घ्या. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी त्या कामात एकंदर सुमारे १,७५,००० डॉलरांचे पैसे व सामान वाटले गेले. त्या राशीत ५१ डॉलर म्हणजे मापी धान्यातील एक मूठ. ते साधारण खात्यात जमा करून मुलांस आभाराचे चार शब्द लिहिले असते, तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. मुलांसही ते पुरे वाटले असते. परंतु बाईंनी ते पैसे निराळे ठेवले. हे पैसे मुलांनी स्वतःच्या बुद्धीने व श्रमाने मिळवले आहेत, तेव्हा ते कोठे गेले हे मुलांस डोळ्यांपुढे दिसले पाहिजे, असे त्यांनी ठरवले आणि योग्य स्थळ मिळेपर्यंत त्या थांबल्या.

ते स्थळ त्यांस इलिनॉय संस्थानात शॉनीटाऊनच्या खालच्या बाजूस नदीकाठी मिळाले. तेथे एक विधवा आपल्या मुलांसह राहत होती. नवरा मरण पावल्यावर तिने कष्ट करून संसार चालवला होता. परंतु पूर व वादळ ह्यांनी तिचे होते नव्हते ते नेले. घर गेल्यामुळे ती माउली मक्याची कणसे साठवण्याच्या कोठीत मुलांस घेऊन दिवस कंठीत होती. बाईंनी चौकशी केली तेव्हा त्या घरी मुलेही सहाच असल्याचे आढळले. बाईंनी जपून ठेवलेले ते पैसे तिला नवे घर उभारण्याकरिता दिले. ते पाठवणारी सहा मुले कोण व कोठली हेही तिला सांगितले, आणि त्यांच्या नावावरून घरास नाव ठेवावे असे सुचवले. त्याप्रमाणे त्या जागेस लहान सहा असे नाव पडले; इंग्रजीत ते लिटल सिक्स असे होते. पुढे बाईंनी रेडक्रॉसच्या कार्याचा जो मोठा ग्रंथ १८९८ साली प्रसिद्ध केला, त्यात लाखो डॉलरांच्या हकीकतींबरोबर ह्या सहा मुलांची हकीकतही त्यांनी विस्ताराने घातली आहे.

ह्या गोष्टीवर आम्ही पुष्कळ विचार केला आहे, आणि तीतील तीन गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्या असे आम्हांस वाटते. पहिली ही की बाईंनी रकमेच्या लहानपणावरून तिचा मान ठरवला नाही. मुलांनी दिलेले मोठ्या राशीत मिसळून टाकणे सोपे होते, पण त्यायोगे मुलांचे काम नाहीसे झाले असते. दुसरी ही की त्यांनी घाई केली नाही. दान ताबडतोब खर्चून हात मोकळे करावे असे पुष्कळांस वाटते, पण बाईंनी ज्यास खरी गरज आहे व ज्याच्या हाती त्या रकमेचे काही उभे राहील, असे घर पाहिले. तिसरी गोष्ट फार नाजूक आहे. दान घेणाऱ्या माणसाची मान खाली जाते, हे आपणांपैकी दुष्काळ पाहिलेल्या वृद्धांस सांगणे नलगे. त्या विधवेस जर एखाद्या कचेरीतून पैसे मिळाले असते, तर ती कदाचित भिकारीण झाल्यासारखी संकोचली असती. परंतु आपल्या मुलांएवढ्याच सहा मुलांनी आपल्या मुलांकरिता हे धाडले आहे असे कळल्यावर ते घेण्यात लाज कसली? ते एका घरातून दुसऱ्या घरी आलेले वाण झाले.

त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यात जिनेव्हा येथे रेडक्रॉसची सर्वराष्ट्रीय परिषद भरली व बार्टनबाई तेथे अमेरिकेच्या वतीने गेल्या. युद्ध नसतानाही पूर, दुष्काळ, रोग अशा संकटांत मदत करणे हे रेडक्रॉसचे काम समजावे, ही अमेरिकेची सूचना त्या परिषदेने मान्य केली. ह्याप्रमाणे नदीकाठी जे काम बाईंनी केले, त्याचा मार्ग इतर राष्ट्रांसही मोकळा झाला.

पुढील वीस वर्षे बाईंनी विश्रांती घेतली नाही. ३१ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियात एक धरण फुटून जॉन्सटाऊन गाव वाहून गेले व २,२०९ माणसे मेली; बाई तेथे पाच महिने राहिल्या आणि बेघर लोकांसाठी त्यांनी मोठी निवासगृहे बांधवली. १८९२ साली रशियात दुष्काळ पडला तेव्हा आयोवाच्या शेतकऱ्यांनी दिलेला मका तिकडे पाठवण्याच्या कामात त्या होत्या. १८९३ साली दक्षिण कॅरोलायनाच्या समुद्रकाठच्या बेटांवर तुफान झाले. तेथील सुमारे ३०,००० लोक, ज्यांत पूर्वी गुलामगिरीत असलेले कृष्णवर्णीय शेतकरी बहुसंख्य होते, अन्नाला महाग झाले. बाईंनी त्यांस शिधा दिला खरा, पण त्याबरोबर चर खणणे, जमीन साफ करणे, भाजीपाला लावणे ही कामेही त्यांच्याकडून करवली, आणि दहा महिन्यांनी ते लोक आपल्या पायांवर उभे राहिले. १९०० साली टेक्सस संस्थानात गॅल्व्हेस्टन शहर वादळाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा ७८ वर्षांच्या बाई पुन्हा निघाल्या. त्या भागातील शेतकऱ्यांस त्यांनी स्ट्रॉबेरी नावाच्या फळाची सुमारे १५ लाख रोपे मिळवून दिली, कारण त्यांची पिके नष्ट झाली होती व लवकर पैसे देणारे पीक त्यांस पाहिजे होते.

येथपर्यंत आम्ही त्यांची कीर्ती सांगितली. परंतु चरित्र लिहिणाराने दोष झाकून ठेवणे हे वाचकांशी सरळ वागणे नव्हे, म्हणून उत्तरकाळीचा कष्टदायक भागही सांगतो.

बार्टनबाई सर्व काम स्वतः पाहत. संकट आले की त्या आधी निघत, मग पैशाची व्यवस्था बघत. स्वतःचे पैसे त्या संस्थेच्या कामी खर्च करीत व संस्थेचे पैसे आणि आपले पैसे ह्यांच्यामधील रेघ नेहमी स्पष्ट राहत नसे. तातडीच्या वेळी पावती घेण्यास सवड नसे, आणि पुढे ती घेण्याचे राहून जाई. १९०० साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने संस्थेस सनद दिली व दरवर्षी हिशेब सादर करावा असे ठरवले. त्यानंतर संस्थेतीलच काही लोकांनी हिशेबाच्या गोंधळाविषयी व बाईंच्या एकट्याच्या कारभाराविषयी तक्रारी केल्या. चौकशीसमिती बसली. बाईंनी स्वतःसाठी पैसे घेतले असे काही सिद्ध झाले नाही; परंतु वह्या नीट नव्हत्या, हे मित्रांसही नाकारता येईना. ८२ वर्षांच्या ह्या वृद्ध बाईंस हे फार लागले आणि १४ मे १९०४ रोजी त्यांनी अध्यक्षपद सोडले. पुढील वर्षी संस्थेस नवी सनद मिळाली आणि तिच्या हिशेबांची तपासणी सरकारच्या युद्धखात्याने करावी असे ठरले.

ज्या बाईंनी सहा मुलांच्या ५१ डॉलर २५ सेंटांचा पत्ता सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकेल असा लावून ठेवला, त्यांच्याच मोठ्या रकमांच्या वह्यांविषयी बोट दाखवण्यास जागा राहावी, हे वाचून कोणासही खेद होईल. आम्ही ह्यावरून असे म्हणत नाही की बाईंची सेवा कमी प्रतीची होती. त्यांच्या मदतीने ज्यांच्या चुली पेटल्या त्यांनी वह्या तपासल्या नव्हत्या. परंतु हेही खरे की प्रामाणिक मनुष्यास वही नको, असे समजणे चूक आहे. उलट प्रामाणिक मनुष्यासच वहीची अधिक गरज असते, कारण त्याचे मन कोणास दिसत नाही, वही मात्र दिसते. मुलांची लहान रक्कम बाईंनी जशी निराळी ठेवली, तिचा शेवट लिहून ठेवला व देणाऱ्यास कळवला, तसेच प्रत्येक मोठ्या रकमेचे झाले असते, तर त्यांचा वृद्धापकाळ सुखाचा गेला असता.

आमच्या लहान गावांत ही गोष्ट विशेष लागू आहे. शहरातील संस्थेस कारकून व तपासनीस असतात. गावी एकच मनुष्य पैसे गोळा करतो, तोच ठेवतो व तोच पाठवतो. त्याच्यावर सर्वांचा विश्वास असतो, म्हणून त्यास कोणी विचारीत नाही, आणि कोणी विचारीत नाही म्हणून तो लिहीत नाही. अनेक वर्षे असे चालते. मग एके दिवशी काही कारणाने मने दुभंगतात, कोणी तरी जुना हिशेब मागतो, आणि ज्याने एक पैही खाल्ली नाही त्यास मान खाली घालावी लागते. त्यात सर्वांत अधिक हानी कोणाची होते? ज्या मुलांनी खाऊचे पैसे दिले त्यांची. कारण मोठ्यांचे भांडण ऐकून, आपले पैसे कोठे तरी बुडाले असे त्यांच्या मनात कायमचे बसते, आणि मोठेपणी त्यांचा हात दानासाठी सहजासहजी उघडत नाही.

क्लारा बार्टनबाई १२ एप्रिल १९१२ रोजी मेरिलँड संस्थानात ग्लेन एको येथील आपल्या घरी, वयाच्या ९० व्या वर्षी मरण पावल्या. त्यानंतर पाच वर्षांनी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली अमेरिकेत शाळेतील मुलांकरिता ज्युनिअर रेडक्रॉस ही शाखा निघाली, आणि वॉटरफर्डच्या सहा मुलांनी ज्या प्रकारचे काम आपल्या मनाने केले होते, ते देशभर लाखो मुले करू लागली. आपल्या देशातही १९२० साली कायद्याने रेडक्रॉस सोसायटी स्थापन झाली, आणि पुढे येथील शाळांतूनही ज्युनिअर रेडक्रॉसचे काम सुरू झाले.

बंधुभगिनींनो, संकटसमयी आपल्या गावची मुले काही करू म्हणतील तर त्यांस हसू नका. त्यांनी काय करावे हेही फार शिकवू नका. वॉटरफर्डच्या मुलांस कोणी आज्ञा केली नव्हती. कोणी रानातील बोरे गोळा करून बाजारात विकतील, कोणी गाणी बसवतील, कोणी सुट्टीत शेणी थापतील. त्यांचे पैसे हाती आले म्हणजे ते त्यांच्यासमक्ष मोजा, वहीत निराळ्या पानावर लिहा आणि दुसऱ्या एका माणसाची सही घ्या. मग ते कोठे जावे ह्याचा विचार करा. सर्व पैसे एकाच मोठ्या निधीस धाडावे लागले, तरी तेथून आलेली पावती शाळेत वाचून दाखवा. आणि त्यातून कोणाचे घर शाकारले, कोणाच्या शेतात बियाणे पडले अथवा कोणत्या मुलास पाटीपुस्तक मिळाले, हे कळवता आले तर अवश्य कळवा. एवढे करण्यास पैसा लागत नाही, विद्वत्ताही लागत नाही. थोडी चिकाटी मात्र लागते.

ओहायो नदीच्या काठी कणसांच्या कोठीत राहणाऱ्या सहा मुलांस घर मिळाले ते दूरच्या सहा मुलांच्या खेळातून. मध्ये एक वृद्ध बाई होती; तिने एका हाताने घेतले, दुसऱ्या हाताने दिले आणि दोन्हीकडे निरोप पोहोचवला. आमच्या प्रत्येक मंडळीत असा एक तरी हात असावा, आणि त्या हाताजवळ एक वहीही असावी, अशी आमची इच्छा आहे.